धौल्याचे बूट

जयसिंगरावाने धौल्याच्या मागच्या पायाची वादी सोडली, चामड्याचा बूट ओढून काढला आणि बाकीच्या तिन्हींशेजारी भिंतीकडेला ठेवला. बैलाने पाय झटकला, पण जागचा हलेना. गवत कापायच्या मशीनला जुंपायला लागल्यापासून त्याला बुटांशिवाय कुणी हिरवळीवर नेलंच नव्हतं.

"चल रे बाबा," जयसिंगराव त्याच्या कानाशी म्हणाला. "आज तुला सगळं माफ."

रविवारची दुपार होती. कचेरीला कुलूप होतं आणि चौकीदार जेवून आडवा झाला होता. सकाळी भिश्त्याकडून हिरवळीवर नेहमीच्या दुप्पट पाण्याच्या मशकी ओतवून घेतल्या होत्या, त्यामुळे जमीन अशी मऊ झाली होती की बोट लावलं तरी रुतावं. जयसिंगरावाने कासरा धरला आणि धौल्याला थेट मधोमध घातला.

गवत कापायची ती मशीन विलायतेहून आगगाडीने झाशीला आली, तेव्हापासून ती बैलाने ओढायची आणि बैलाने बूट घालायचे असा कचेरीतल्या गोऱ्या साहेबाचा दंडक होता. नाहीतर खुरांचे खड्डे पडतात. बड्या बाजारातल्या मोच्याने धौल्याच्या पायाचं माप घेतलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. साहेब मात्र त्या हिरवळीच्या बाबतीत कधी हसला नाही. दर सोमवारी सकाळी तो छडी घेऊन तिच्यावरून एक फेरी मारायचा. आधीच्या कंत्राटदाराच्या हातून एक कोपरा करपला, तर त्याला त्याच दिवशी बोचक्यासकट फाटकाबाहेर काढलं होतं. काढलं म्हणजे नुसतं काढलं. दंड नाही, जप्ती नाही, काही नाही.

आणि जयसिंगरावाला नेमकं तेवढंच हवं होतं. कुणीतरी हाकलावं!

आपण होऊन सोडायची सोयच नव्हती. हिरवळ राखायचं कंत्राट मुदतीचं होतं, जामीन म्हणून थोरल्या भावाचं, शिवाजीरावांचं, दतिया गेटजवळचं घर लिहून दिलेलं. मध्येच सोडलं तर घर सरकारात जमा. दोनदा तो साहेबापुढे हात जोडून उभा राहिला होता, आणि दोन्ही वेळा साहेब म्हणाला होता, "तुम्हारा काम अच्छा है. जाओ." काम चांगलं म्हणून सुटका नाही, म्हणजे कमालच झाली की नाही?

तिकडे बायकोचा, बकुळेचा, दम वाढत चालला होता. कंत्राटदाराने आवारातच राहायचं अशी अट होती, आणि त्यांच्या दोन खोल्या हिरवळीला अगदी लागून. गवत कापलं की तिची छाती भरायची. ती भिंतीला हात टेकून उभी राहायची, गळ्याच्या शिरा ताठायच्या आणि आवाज असा निघायचा की ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरावा. रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, "हिला गवतापासून लांब न्या. दुसरं औषध माझ्याकडे नाही. आणखी एक-दोन पावसाळे इथे काढलेत, तर पुढचं मला विचारू नका."

लांब म्हणजे कुठे? एकदा तिला दादांकडे ठेवलं, तर चारच दिवसांत बाईसाहेब टांगा करून परत हजर.

"जावेच्या घरी आयतं बसून खायला मी काय पांगळी आहे?" ती म्हणाली होती. "आणि तुमच्या जेवणाचं काय? मला काही झालेलं नाही. थोडी धाप लागते, एवढंच."

म्हणून आजचा बेत त्याने तिला सांगितला नव्हता. सांगितलं असतं, तर तिने धौल्याला स्वतः चारी बूट चढवले असते. तिच्या माहेरची माणसं पिढ्यानपिढ्या शिलेदार. कामावरून हाकलून घेणं त्यांच्यात मरणाहून वाईट.

त्याने बैल उभा फिरवला, आडवा फिरवला. खुरं पचापच रुतत होती. सुरुवातीला त्याचं काळीज हललं. हाताने वाढवलेली हिरवळ ती, शेवटी! पण मग त्याला रात्रीचा तो आवाज आठवला आणि त्याने आणखी एक फेरा घेतला. धौल्याला गोठ्यात घालून, तो आपणच सुटल्यासारखं दिसावं म्हणून दावं मोकळं ठेवून, पाय धुऊन तो घरात डोकावला. बकुळा पडली होती.

"दादांकडे जरा काम आहे. रात्री तिथेच राहीन म्हणतो. चौकीदाराच्या रामकलीला सोबतीला बोलव."

"वहिनींना माझा नमस्कार सांगा," ती डोळे न उघडता म्हणाली.

शिवाजीरावांनी रात्री जेवताना विचारलं, "बकुळा कशी आहे रे?"

"बरी होईल आता," जयसिंगराव म्हणाला, आणि त्याने भाजी पुन्हा मागून घेतली. कित्येक महिन्यांत त्याला अशी भूक लागली नव्हती. दतिया गेटजवळ एखादी खोली बघायची, तिथे गवताची काडी नको, हवं तर धौला विकून किराण्याचं दुकान घालायचं, असे मनसुबे रचत तो झोपला.

सकाळी फाटकातून आत शिरताना त्याने चेहरा पाडून ठेवला होता. पश्चात्ताप दिसायला हवा ना! पण हिरवळीकडे नजर गेली आणि तो जागीच थबकला.

हिरवळ सपाट होती. एक खड्डा नाही, एक खूण नाही. मधोमध माती जरा ताजी दिसत होती, पण तीही माहीत असणाऱ्यालाच.

चौकीदाराची बायको रामकली झाडू घेऊन पलीकडे उभी होती. त्याला बघून ती धावत आली.

"अरे भैयाजी, कल तो गजब हो गओ! बैल छूट गओ थो, पूरो लान खूंद डारो. बाईसाब ने देखो तो माथो पीट लओ. बोलीं, साब देख लेंगे तो हमारे इनकी नाक कट जैहै. फिर हम दोनों लगीं. मैं माटी छानूँ, बे खुरपी से घास उठाएँ, नीचे माटी भरें, ऊपर से ठोकें. दिया-बत्ती तक. मैंने कही, बाईसाब, तुम्हाई साँस... पर सुनें तब न!"

जयसिंगराव घराकडे धावायला वळला.

तेवढ्यात साहेब आला. छडी टेकत त्याने फेरी मारली, ताज्या मातीपाशी थांबला, वाकला. जयसिंगरावाला अजूनही आशा होती. साहेबाने छडीने माती दाबून पाहिली आणि मान डोलावली.

"नया मिट्टी डाला? बहुत अच्छा. कोई बोला नहीं, फिर भी किया." मग त्याने पलीकडच्या, नुकत्याच बांधलेल्या मोठ्या कचेरीकडे छडी रोखली. "वो कंपाउंड भी अब तुम देखेगा. तीन साल और. कागज आज बन जाएगा."

"हुजूर, मेरी घरवाली बीमार..."

"दोनों लान एक माफिक होना मांगता," साहेब म्हणाला आणि पायऱ्या चढून गेला.

घरात बकुळा गुंडाळलेल्या वळकटीला टेकून बसली होती. आडवं होणं शक्यच नव्हतं. प्रत्येक श्वास शीळ घालत येत होता, ओठ निळसर पडले होते, नखांत माती होती. पण डोळे चमकत होते. लग्नाच्या नव्या दिवसांत चमकायचे तसे.

"काय म्हणाला... साहेब?"

तिच्याजवळ बसून तो तिची पाठ चोळू लागला. रडू यायला लागलं तसं त्याने मान वळवली.

"बोला ना. रागावला?"

"नाही," तो कसाबसा म्हणाला. "खूष झाला. पलीकडची कचेरीही दिली. तीन वर्षं."

"बघा!" बकुळेने छातीवर हात ठेवला आणि दोन-तीनदा श्वास ओढून घेतला. "तुम्ही दावं नीट बांधलं नव्हतं. मी म्हटलं, आता... आता काही खरं नाही. सांगा, मी नसते तर काय झालं असतं तुमचं?"

त्याचा हात तिच्या पाठीवर फिरत राहिला. हाताखाली तिच्या बरगड्या वर-खाली होत होत्या.

बाहेरून चौकीदाराची हाक आली, "ठेकेदार साब! साब बुलाउत हैं. दस्तखत करने हैं."

जयसिंगराव उठला नाही.

"अहो, जा ना," बकुळा म्हणाली. तिने मागे हात नेऊन त्याचा हात पाठीवरून काढला आणि त्याला दाराकडे ढकललं. "मोठ्या माणसाला... ताटकळत ठेवू नये."