तेलाची लाईन आणि मेंढरांची वाट

धोंडुबाईनं मेंढीचा पुढचा पाय दोन्ही गुडघ्यांत दाबून धरला आणि खुरातला काटा चिमट्यात पकडला, तेवढ्यात अश्फाकची जीप धुरळा उडवत वस्तीवर आली. मेंढी बिथरली, काटा आतच मोडला. धोंडुबाईनं मान वर न करता एक सणसणीत शिवी हासडली.

"मावशी, मी हाय, अश्फाक!"

"तू हायस म्हणून एकीवर भागलं. दुसरा असता तर त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. बस, च्या टाकते."

अश्फाक हा वडूजच्या चांदसाहेबांचा मुलगा. चांदसाहेब मेंढरांचे व्यापारी, धोंडुबाईच्या लग्नाआधीपासून ह्या वस्तीवर त्यांचं येणंजाणं. पोराला मात्र मेंढरांचा वास सोसेना, म्हणून त्यानं जीप घेतली आणि ती तेलाच्या लाईनीची मोजणी करणाऱ्या साहेबांना भाड्यानं लावली. कोकणातल्या बंदरातून तेल वर घाटावर आणायचं, जमिनीखालून नळ टाकायचा, आणि तो हिवरमाळच्या शिवारातून न्यायचा, असं घाटत होतं. सहा महिने गावाला दुसरा विषय नव्हता. पारावर लाईन, गिरणीत लाईन, मयतीला जमलेल्या माणसांतसुद्धा हळू आवाजात लाईनच.

चहाचा पहिला घोट घेतला आणि अश्फाकच्या पोटात बातमी मावेना.

"मावशी, कुनाला सांगू नगा हां. लाईन तुमच्या गावातनं जात न्हाई. ह्या अंगाला खडक लय कठीण लागला म्हनं. खालच्या बाजूनं, पार लांबनं वळवली. साहेब लोकांचं गाडीत बोलनं झालं, मी आपला गाडी हाकत हुतो. कागूद यायला अजून महिना जाईल."

"खरं?"

"अम्मीची शपथ."

धोंडुबाईनं मोडलेला काटा पुन्हा शोधायला घेतला. मोजून चार माणसांना सांगावं अशी बातमी होती. पण तिनं ती पोटात टाकली आणि वरून चहाचा घोट घेतला. ह्या बाईच्या डोक्यात काय शिजायला लागलं होतं, ते कळायला आधी आप्पासोचं कुंपण कळायला हवं.

वस्तीवरून मेंढरं खाली उतरायची ती वाट आप्पासोच्या रानाच्या कडेनं जायची. दिवाळी झाली की धोंडुबाई आणि तिचा नवरा हरिबा घोड्यावर बिऱ्हाड लादून त्याच वाटेनं निघायचे, ते पाटणवरून घाट उतरून कोकणात. हरिबाच्या आज्ज्यानंही तीच वाट तुडवलेली. दोन वर्षांमागं आप्पासोनं डाळिंब लावलं आणि बांधापासून बांधापर्यंत तारेचं कुंपण घातलं. वाट गेली. मग मेंढरं डांबरी रस्त्यानं न्यायची पाळी आली आणि गेल्या साली एका ट्रकनं पाच-सहा मेंढ्या चिरडल्या. त्यांतली एक गाभण होती. हरिबा त्या रात्री जेवला नाही, आणि सकाळी उठून एवढंच म्हणाला,

"फुडल्या दिवाळीपतूर वाट झाली तर झाली. न्हाईतर चांदसाहेबाला बोलवायचा आन् समदी मेंढरं दिऊन टाकायची. आपल्याच्यानं हे बघवत न्हाई."

हरिबा बोलला म्हणजे झालं. वर्षातून दोनदा बोलणारा माणूस, तो उगीच बोलत नाही. धोंडुबाई तेव्हापासून रोज रात्री मेंढरांच्या अंगावरून हात फिरवून यायची.

वाटेसाठी ती दोनदा आप्पासोच्या दारात जाऊन आली होती. पहिल्यांदा तो घरात नव्हता. दुसऱ्यांदा घरात होता, पण नाही म्हणून सांगितलं. त्याची आई तानुबाई मात्र आत चुलीपाशी भांडी जरा जास्तच आपटत होती.

दोन ऑक्टोबरची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. एवढी गर्दी गावानं निवडणुकीतही पाहिली नव्हती. कंपनीचा माणूस येणार, येणार म्हणून तासभर वाट पाहिली, पण तो काही आला नाही. का आला नाही ते फक्त आपल्यालाच ठाऊक, असं मनाशी म्हणत धोंडुबाई बायकांच्या घोळक्यात पदर सावरून पुढं बसली.

सरपंच भाऊसो लाईनीच्या बाजूचा. तो उठला आणि माईक हातात आल्यावर त्याला सोडवेना.

"देशाचं काम हाय मंडळी! रस्ता हुईल, पोरास्नी काम लागंल. नळ जमिनीखालनं जानार, वर तुमचं रान तुमालाच. इरोध करायचा तर कशाला?"

आप्पासो विरोधी पार्टीचा म्होरक्या. तो बसल्या जागेवरूनच गरजला.

"रान आमालाच, पर त्या पट्ट्यात झाड लावायचं न्हाई, हीर काढायची न्हाई, खोपाट बी बांधायचं न्हाई! ह्येला काय आमालाच म्हनत्यात? माझी निम्मी बाग जाती. आन् उद्या नळ फुटला तर? तेल प्यायचं व्हय आमी?"

टाळ्या पडल्या. मग त्या बाजूनं एक उठला, ह्या बाजूनं दोन उठले. कुणी कुणाचा बाप काढला, कुणी कोयनेच्या धरणग्रस्तांचा दाखला दिला. ग्रामसेवक घाम पुसत राहिला. हात वर करायची वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं, की गाव बरोबर मधोमध फाटलंय आणि धनगरवस्ती जिकडं हात करील तिकडं पारडं जाणार. आणि वस्तीचे हात कुठं वर होतात ते धोंडुबाईकडे बघून ठरतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

धोंडुबाई उठली.

"भाऊसो, मला अडान्याला एक सांगा. लाईन आली, तर त्या पट्ट्यावर कुंपान घालता येतंय का?"

"छ्या! कायमचा मोकळा ठेवायचा. तसा नेमच हाय."

"मंजी त्यावरनं मेंढरं चालतील?"

भाऊसोचा चेहरा उजळला. "चालतील म्हंजे? नाचतील आक्का! कोन अडवतंय?"

"मग आमची वस्ती लाईनीच्या बाजूनं," धोंडुबाई म्हणाली. "आमाला तेलाशी काय बी देनंघेनं न्हाई. आमाला वाट पायजे. ज्यानं वाट दिली त्याच्याकडं आमचं हात."

पटांगणात एकच कालवा झाला. भाऊसोची माणसं शिट्ट्या मारायला लागली. आप्पासो धोंडुबाईकडे बघत राहिला, इतका वेळ की तिला वाटलं, ह्याला माझ्या पोटातलं दिसतंय की काय! मग तो सावकाश उठला.

"आक्का, वाट मी दिली तर?"

"सभेत दिल्याली घरी गेल्यावर इसरत्यात."

"तुमीच सांगा मग, कशी देऊ."

धोंडुबाईनं कमरेची पिशवी सोडली. त्यात बिरोबाचा भंडारा होता, जत्रेतला. भंडारा उचलून दिलेला शब्द ह्या भागात कोर्टात दिलेल्यापेक्षा जड. तिनं चिमूट पुढं केली. आप्पासोनं चप्पल काढली, पुढं आला आणि भंडारा कपाळाला लावून म्हणाला,

"उद्याच्याला कुंपान तोडून मेंढरांची वाट मोकळी करतो. लाईन येवो नायतर न येवो. ही वाट परत बुजवनार न्हाई."

भाऊसो इरेला पेटला. हातातोंडाशी आलेला ठराव निसटत होता.

"असं हाय व्हय? मग आक्का, तुमी बी उचला की भंडारा! मनात दुसरं काय ठेवल्यालं न्हाई, असं म्हना!"

धोंडुबाईचा हात पिशवीतच अडकला. ती एकही शब्द खोटा बोलली नव्हती. पण पोटात अश्फाकची बातमी होती, आणि भंडाऱ्यापुढं पोटातलं लपत नाही. आता सगळं संपतंय, असं तिला वाटलं.

"गप ऱ्हावा की भाऊसो," आप्पासो खेकसला. "थोरल्या मानसाला शपथा घालाया लावता? वाट माझी, शब्द माझा. आक्कानं कशाला उचलायचा? घ्या हात मोजून."

हात मोजले. वस्तीचे हात आप्पासोकडं गेले आणि लाईनीविरुद्ध ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी आप्पासोनं खरंच तारा तोडल्या, खांब उपटले आणि बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी केली. हरिबा सकाळीच जाऊन बघून आला आणि घोड्याचं खोगीर शिवायला बसला. चांदसाहेबांचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. धोंडुबाईला एवढं बरं वाटलं की तिनं शेजारणीशी सहा महिन्यांचं भांडण मिटवून टाकलं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी कागद आला. लाईन खालच्या अंगानं वळवली होती. मग काय विचारता! आप्पासोच्या पार्टीनं फटाके उडवले, गुलाल उधळला, 'ठरावाचा दणका' म्हणून फलक लावला. दुसऱ्या दिवशी भाऊसोनं त्याच्याशेजारी दुसरा फलक लावला, 'शेतकऱ्यांच्या हितासाठी मा. सरपंचांनी लाईन वळवून आणली'. दोन्ही फलकांवर हात जोडलेले फोटो होते. गाव हसलं आणि कामाला लागलं.

धोंडुबाईला मात्र ते हसू पचेना. लाईनीचं भ्या दाखवून आपण वाट काढली, आणि बिरोबाचा भंडारा मधी घातला. आप्पासोला हे कळलं तर? त्याचा शब्द खरा आणि आपलाच खोटा ठरला. भाकरी थापताना हेच, मेंढ्यांना पाणी पाजतानाही हेच. शेवटी तिनं ठरवलं, जाताना सांगून टाकायचं. त्यानं वाट बुजवली तर बुजवली. देवाचं ओझं घेऊन घाट उतरायचा नाही.

पाडवा झाला आणि बिऱ्हाड निघालं. हरिबा मेंढरांपुढं, धोंडुबाई घोड्याचा कासरा धरून मागं. ऊन कलतीला लागलं होतं. आप्पासोच्या रानापाशी आले तर तो मोकळ्या केलेल्या वाटेच्या तोंडावरच उभा. धोंडुबाईनं हरिबाला थांबायची खूण केली आणि एकटीच पुढं गेली.

"आप्पासो, तुला येक सांगायचं हाय. मग तुला काय करायचं ते कर. लाईन येनार न्हाई, हे मला सभेच्या आदीच ठावं हुतं. अश्फाक बोलला हुता. मी गप बसले आन् तुझ्याकडनं वाट घेतली."

आप्पासोनं टोपी काढून डोकं खाजवलं.

"आक्का, अश्फाकची जीप तुमच्या वस्तीवरनं निघाली, ती माझ्याच दारात येऊन थांबली हुती. कुनाला सांगू नगा, म्हनला."

धोंडुबाई बघतच राहिली. "मंजी तुला बी…?"

"मला बी."

"मग सभेत एवढा बोंबललास कशाला रं?"

"ठराव माझ्या बाजूनं झाला नसता, तर गुलाल कुनी उधळला असता?" तो हसला. मग हसू ओसरलं आणि तो पायानं माती उकरत राहिला. "ते जाऊ द्या. कुंपान घातलं तवा इचार केला न्हाई. त्या मेंढ्या ट्रकखाली गेल्या, तवापासनं आई माझ्याशी धड बोलली न्हाई. ताट वाढायची आन् तोंड फिरवून बसायची. कुंपान काढावं असं लय वाटायचं. पर आपनहून काढलं तर पार्टी म्हननार, आप्पासो नमला. तुमी चार मानसांत मागितलंसा, म्हनून देता आलं."

महिनाभर जे धोंडुबाईच्या उरावर होतं ते एकदम उतरलं, आणि डोळ्यांना पाणीच आलं. ते लपवायला तिनं घोड्याच्या मानेवर थाप मारली.

"आन् आक्का," आप्पासो खाली बघूनच म्हणाला, "आजची रात मेंढरं हितंच बसवा. खालच्या पडीक तुकड्यात. आईनं सकाळपासनं भाकरी थापायला घेतल्यात."

मेंढरं रात्रभर रानात बसली की त्यांच्या लेंड्यांनी रान पिकतं. म्हणून शेतकरी धनगराला बोलावतो, रात्रीची भाकरी घालतो, आणि ज्याला बोलावतो त्याला घरचा धरतो. दोन वर्षांत आप्पासोच्या घरून हे बोलावणं आलं नव्हतं. धोंडुबाईला वाटेपेक्षा त्याचंच जास्त लागलं होतं, पण ते तिनं हरिबालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"इचारतोस काय असं परक्यावानी?" ती एकदम खेकसली. "तुझा आज्जा मेंढरांच्या आडवं पडायचा, म्हनायचा, आदी माझं रान, मग कोकान!"

मग ती मागं वळली आणि हरिबाला हाक मारली.

"आवं, घोडं सोडा! आज हितंच बसायचंय."