गालावरची खिडकी

चौतीस वर्षं मी व्होलोग्दा शहरात लाकडी फळ्यांवरच्या जुन्या देवचित्रांची काजळी काढतेय. आता दुपारनंतर डोळे चालत नाहीत. ही देवमाता शेवटची, मग घरी बसायचं, असं ठरवलं होतं.

आमच्याकडे चित्रावर जवसाच्या तेलाचा हात देतात. शंभरेक वर्षांत तो काळा पडतो, आणि मग कुणीतरी जुन्याच चेहऱ्यावर नवा चेहरा रंगवतो. या फळीवर असे तीन चेहरे, एकावर एक. संग्रहालयाने कळवलं होतं : वरचे दोन खरवडा, पाचशे वर्षांपूर्वीचा पहिला बाहेर काढा. खरवडलेलं पुन्हा जागेवर बसत नाही.

पदराच्या काठाशी वरचे थर खरवडून नखाएवढी खिडकी उघडली, तर तळाशी असा लाल रंग लागला की मी पातं खाली ठेवून भिंग घेतलं. जन्मभर याचीच वाट पाहिली होती मी.

नेमकी त्याच दिवशी, हे चित्र ज्या गावचं तिथल्या चर्चमध्ये मेणबत्त्या सांभाळणारी फेव्रोन्याआजी बसने आली. कोबी भरलेला पाव माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "पोरी, आमच्या आईचं तोंड बदलू नकोस हो."

"पोरी काय आजी, साठी उलटली माझी."

"मग? मी एक्याऐंशीची आहे. माझी पाचही बाळंतपणं याच तोंडाकडे बघून झाली."

"वरून हुकूम आहे."

"त्यांच्याही वर कुणीतरी आहे की!"

मी क्रूसाची खूण केली आणि गालावर पातं टेकवलं. पहिला थर गेला. दुसरा गेला. खाली नुसतं लाकूड. हनुवटीवर दुसरी खिडकी उघडली, तिथेही लाकूडच.

"आजी, तुमच्या गावात चित्राला ओठ कुठे लावतात?"

"गालाला."

"हाताला लावायचे असतात! चेहऱ्याला नाही."

"आईचा मुका कधी हाताचा घेतात होय?"

वर नवा चेहरा चढण्याआधीच गावाने मुके घेऊन घेऊन तो पहिला चेहरा झिजवला होता. मला हसू आलं, आणि फार दमल्यासारखंही झालं. वरचं खरवडलं तर आईला तोंडच उरणार नव्हतं, म्हणजे तो लाल रंग आता कुणाला दिसणार नव्हता. अहवालात लिहिलं : मूळ मुखाचा रंग उरलेला नाही, वरचे थर हलवू नयेत.

मग जुनं भजन गुणगुणत तिन्ही खिडक्या रंगाने बुजवल्या. कुंचला धुवायला वळले, तेवढ्यात आजीने वाकून गालाला ओठ लावले.

"अहो, ओला आहे रंग!"

"असू दे. बसची वेळ झाली."

तिचे ओठ गुलाबी झाले होते. मी चष्मा पुसला आणि गाल पुन्हा रंगवायला स्टुलावर बसले.