तक्त्यावरची तिसरी ओळ

सात महिन्यांपूर्वी आलेल्या एका पत्राला पुस्तककाकांनी उत्तर दिलं नव्हतं. उत्तर एका ओळीचं हवं होतं, आणि तिथेच गाडी अडली होती. चार पानं मागितली असती तर त्यांनी कशीबशी भरली असती.

पत्र कानवालीचं होतं. ही बाई वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली गिअरबॉक्सचं काम शिकली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू गिअरबॉक्सला टेकवायची, मूठ कानाला लावायची आणि आत कोण कुरकुरतंय ते सांगायची. त्यावरून हे नाव पडलं. काकांचं नाव त्यांच्या खोडीवरून पडलं होतं. एक नट सैल करायचा तरी ते आधी मॅन्युअल उघडत, ओळीखाली स्टीलची पट्टी धरून वाचत. काम पाठ असलं तरी वाचत.

मग गिअर टाकताना खरखर होते म्हणून लागोपाठ तीन गाड्या परत आल्या. तिन्हींचं तेल कानवालीने बदललं होतं. मालकांनी चूक कबूल असल्याचा कागद तिच्यापुढे सरकवला. तिने सही केली नाही, म्हणून तिला काढलं. ती पुढे ज्या गॅरेजात जाई, तिथे तिच्याआधी ही बातमी पोचलेली असे.

तिने लिहिलं होतं : "काका, तेलाच्या पिंपांजवळ तुमच्या अक्षरातला तक्ता आहे. त्यावर आहे तेच तेल मी घातलं. आवाज बदललाय, हे तेल मानवत नाहीये, असं मी तुम्हाला म्हटलंही होतं. तुम्ही म्हणालात, तक्त्यावर आहे तेच घाल. एवढंच एका ओळीत लिहून द्या. मला काम करायचं आहे."

काकांनी ते पत्र मॅन्युअलमध्ये ठेवलं आणि त्या दिवसापासून मॅन्युअल उघडलंच नाही. पिशवीतून रोज नेत, रोज परत आणत. वर्कशॉपात कोणाच्या लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं.

"हल्ली पुस्तकाला हवा खायला नेता वाटतं," ती म्हणाली.

"कामं पाठ आहेत."

"पाठ तर आधीही होती."

सोमवारी एक करडी गाडी आली. दुसरा गिअर टाकला की दात खाल्ल्यासारखा आवाज. काकांनी गिअरबॉक्स उतरवला, टेबलावर उघडला. गिअरचे दात शाबूत होते. गेल्या होत्या त्या पितळी रिंगा. फिरत्या गिअरला या रिंगा आपल्या बारीक खाचांनी धरतात, त्याचा वेग जुळवून घेतात, मगच दात दातांत बसतात. इथे खाचा झिजून रिंगा आरशासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. तळाच्या तेलाला उग्र वास येत होता.

त्यांनी कामाची वही काढली. या गाडीचं तेल चार महिन्यांपूर्वी नव्या माणसाने बदललं होतं. कानवालीला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

काका स्टुलावर बसले. हात पुसले, पुन्हा पुसले. पिशवीतून मॅन्युअल काढलं, पत्र बाजूला ठेवलं आणि तेलाच्या कोष्टकावर पट्टी धरली. एक ओळ गिअरबॉक्सची. तिच्याखालची मागच्या डिफरन्शियलची, म्हणजे मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या पेटीची. तिथलं तेल वेगळं. त्यातलं रसायन पोलादाला जपतं, पण पितळ खातं. तक्त्याच्या तिसऱ्या ओळीत गिअरबॉक्सपुढे नेमकं तेच तेल लिहिलं होतं. सुबक, गोल अक्षरात. गेल्या वर्षी जुना तक्ता फाटला म्हणून नवा उतरवून काढला, त्या दिवशी पट्टी घरी राहिली होती आणि त्यांनी बोटाने ओळ धरली होती.

ते मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. मालक वयाने त्यांच्या मुलासारखे.

"काका, तुमची चूक? मग आमच्यासारख्यांनी कुठे जायचं?" मालक हसले, मग उठून दार लोटलं. "बरं. तक्ता फाडा, नवा लावा. विषय संपला."

"आणि ती?"

"ती लागली असेल कुठेतरी. जुनं उकरून काय मिळणार? त्या तीन गाडीवाल्यांना मी काय तोंड दाखवू?"

"तेल चुकलं म्हणा. रिंगा मी बदलून देतो."

"तुमचं नाव जाईल, काका. तीस वर्षांचं."

"तिचं तर गेलंच आहे."

काका बाहेर आले आणि पिंपांजवळ जाऊन तक्त्याचे स्क्रू काढू लागले. मालक मागोमाग आले.

"तो कागद वर्कशॉपचा आहे."

"अक्षर माझं आहे."

तीस वर्षांत काकांचा आवाज कॉम्प्रेसरच्या वर कोणी ऐकला नव्हता. "तो कॉम्प्रेसर जरा बंद करा," ते म्हणाले. कोणीतरी केला. इतकी शांतता त्यांना नको होती, पण आता इलाज नव्हता.

"तिसरी ओळ चुकीची आहे," ते म्हणाले. "ती मी लिहिली. कानवालीने मला विचारलं होतं. मी तिला गप्प केलं. तिचा कान बरोबर होता."

पाने हातात तसेच धरून माणसं उभी राहिली.

"उद्यापासून येऊ नका," मालक हळूच म्हणाले.

"उद्या येणारच. करडी गाडी उघडी पडली आहे. ती जोडतो, मग काढा. आणि तिच्यापुढे सरकवलात तो कागद मला द्या. चुकीवर सही हवी होती ना? मी करतो."

घरी त्यांनी लिहायला घेतलं. तीन कागद फुकट गेले.

"एका ओळीला एवढे कागद?" बायको म्हणाली.

"माफी कशी मागावी तेच कळत नाही. सात महिने म्हणजे..."

"ती समोर आली की मागा. कागदावर फार स्वस्तात सुटाल."

मग लिहून झालं : "तू तक्त्याप्रमाणेच तेल घातलंस. तक्ता मी लिहिला आणि तो चुकीचा होता. तू सांगितलंस तेव्हा मी ऐकलं नाही. तक्ता सोबत पाठवतो आहे. ज्याला दाखवायचा त्याला दाखव, आणि तरीही कोणी ऐकलं नाही तर मला बोलव. मी येऊन बोलेन."

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. आपण येऊन बोलणार, यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. तरी ते खोडलं नाही.

सकाळी वर्कशॉपला जाताना ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी थांबले. घडी घातलेल्या तक्त्याने पाकीट फुगलं होतं. अर्धं आत गेलं आणि अडकलं. काकांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली, फटीत घातली आणि पाकीट आत ढकललं.