तबलीवरचा पातळ हात

पॉलिशच्या कापडी बोळ्याच्या टोकाला लाखेचा थेंब जमत होता. तो पडायच्या आत म्हाळसाबाईने बोळा उचलला... बस्स. आता नाही. तंबोऱ्याच्या भोपळ्यावरची ही लाकडी तबली, आवाज उमटतो तो हिच्यातूनच, आणि हिच्यावर स्पिरिटात विरघळलेल्या लाखेचा एकच पातळ हात बसला होता. मामंजी म्हणायचे, तोंड दिसेपर्यंत मार.

तोंड दिसेपर्यंत! मामंजींचा, केरबांचा, सगळा जन्म छावणीतल्या गोऱ्या साहेबांची टेबलं चमकवण्यात गेला. पोलीस ॲक्शननंतर ते साहेब गेले, टेबलं गेली, दुकानात वाद्यं यायला लागली – पण हात तोच राहिला, टेबलाचा. तो थरथरायला लागला म्हणून बोळा सुनेकडे आला, आणि त्यांच्या सांगण्यावरून तिनेच आरशासारखा केलेला हा तंबोरा आवाज बसून परत आला. गाणं शिकवणाऱ्या बद्रीनाथ गुरुजींनी तोडूनच सांगितलं होतं – पुन्हा मुका निघाला तर गायनवर्गाची वाद्यं दुसरीकडे जातील. मग दुकानाला कुलूपच की... काल मामंजी बाजारात गेल्यावर तिने ती जाड लाख खरवडून काढली, दाराकडे बघत बघत, चोरी करत असल्यासारखी. पण मी चोर कशी? जाड लाखेखाली आवाज दबतो, मला ऐकू येतंय, त्याला मी काय करू!

"म्हाळसे, फिकं दिसतंय. अजून मार," केरबा दारातून म्हणाले.

"नाय, मामंजी."

हा शब्द त्यांच्यासमोर तिने पहिल्यांदाच उच्चारला होता.

"अगं, पॉलिश हाय का नुसतं तोंड पुसलंय? दुकान बुडवतीस काय?"

तिने बोळा खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही.

लाख वाळली, तारा चढल्या, उन्हं कलताना गुरुजी आले. त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, तार छेडली – आणि अहाहा, आवाज उठला, भरला, दुकानात मावेना, ती तर उभीच्या उभी शहारली... माझा आहे हा! माझ्या हातचा!

"वा, बाई! वर्गाचे बाकीचे तंबोरेही तुम्हीच करायचे," गुरुजी म्हणाले.

केरबांनी थरथरता तळवा तबलीवर ठेवला. "लई बोलतंय गं," ते हळूच म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले. त्यांचे खांदे उतरलेले तिला दिसले. आपण काहीतरी बोलावं, मामंजी, शिकवलं तुम्हीच, असं काही... शब्द ओठांवर आले आणि तिने ते गिळले. म्हाताऱ्याचं वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. पण आनंद काही केल्या कमी होत नव्हता, आणि तो कमी करायची तिची तयारीही नव्हती.