मिठाचा नियम

पायगोंडा पाटलांना सायकल चालवण्यापेक्षा सायकलीबद्दल बोलायला जास्त आवडायचं, आणि सांगलीत ऐकून घेणारी माणसं काही कमी नाहीत. एका वर्षी त्यांनी सायकल घेतली, पुढच्या वर्षी हेल्मेट, त्याच्या पुढच्या वर्षी ती मांडीला चिकटणारी काळी चड्डी. चड्डी घालून ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि कुत्री मागं लागली म्हणून परत आले. तेव्हापासून सायकल पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती, आणि तिला कुलूप असायचं. घरातल्या घरात कुलूप कशाला, हे परक्याला कळणार नाही. त्यांच्या बायकोला, गुणमालाला, चांगलं कळत होतं.

झालं होतं असं की एकदा गुणमाला म्हणाली, "तुमी न्हाई चालवत तर मी शिकते. माझंबी गुडघं धराय लागल्यात." पायगोंडा तेव्हा चार माणसांत बसले होते. "सायकल हाय ती, रणगाडा न्हवं," ते म्हणाले, "तुझ्या वजनानं मोडंल की." चारही माणसं हसली. त्याच संध्याकाळी कुलूप लागलं. गुणमाला भांडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प राहिली, आणि गप्प राहिलेली गुणमाला लय वाईट, एवढं तरी तीस वर्षांच्या संसारात पायगोंडांना कळायला हवं होतं.

कृष्णाकाठच्या त्यांच्या सायकल मंडळाची एक रीत होती. वर्षाच्या शेवटच्या सकाळी सगळे घाटावर जमायचे, भडंग खायचे आणि एकेकानं उभं राहून पुढच्या वर्षाचा संकल्प सांगायचा. कुणी पोट कमी करणार, कुणी रोज हरिपूरपर्यंत जाऊन येणार. मंडळाचा म्होरक्या नाथाजी मोहिते. मूळचा कडेगावचा, ऊस बाळगून असलेला, फौजेतला माजी हवालदार. माणूस तोंडाचा फाटका. पायगोंडा त्याला आवडत नव्हते आणि ते त्यानं कधी लपवलंही नव्हतं.

पायगोंडांची पाळी आली तसा तो म्हणाला, "बोला पाटील. औंदा काय खरेदी?"

सगळं मंडळ खदाखदा हसलं. पायगोंडांच्या मस्तकात तिडीक गेली. संकल्प म्हणून ते काहीतरी सोपं सांगणार होते, पण रागाच्या भरात माणूस आपलं माप विसरतो.

"औंदा घेनार न्हाई, चढनार," ते ओरडले. "साताऱ्याचा यवतेश्वर घाट. खालनं वरपातूर. एकदाबी पाय न टेकता!"

"गाडीत बसून व्हय?"

"सायकलवर! न्हाई चढलो तर पायगोंडा नाव लावनार न्हाई!"

कुणीतरी मोबाईलवर हे सगळं टिपलं. पायगोंडा घरी पोचायच्या आत ते गुणमालाच्या फोनवर पोचलं होतं. तिनं ते बघितलं, पुन्हा बघितलं आणि शांतपणे भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी एक जानेवारी. जैन देवळाला इकडं बस्ती म्हणतात. त्या बस्तीत आर्यिका माताजी, म्हणजे जैन साध्वी, मुक्कामाला होत्या. प्रवचन झाल्यावर माणसं उठून नियम घेत होती. वर्षाचा पहिला दिवस, तेव्हा कुणी दही सोडलं, कुणी टीव्ही सोडला. नियम ही काय चीज आहे ते तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. घेतला की पाळायचा; मोडला तर माणूस देवाच्या दारात खोटा पडतो. बायकांच्या बाजूनं गुणमाला उठली. तिनं हात जोडले आणि पुरुषांच्या बाजूला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझं मालक यवतेश्वरचा घाट पाय न टेकता चढत न्हाईत, तवर मला मिठाचा त्याग."

माताजींनी हातातली मोरपिसांची पिंछी बाजूला ठेवली. "बाई, नियम आपल्या बळावर घ्यावा. दुसऱ्याच्या पायावर घेऊ नये. विचार करा."

"केलाय, माताजी."

माताजींनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. बायकांनी डोळ्याला पदर लावले. नवऱ्याच्या तब्येतीसाठी बाई अळणी खाणार! खांबाला टेकून बसलेल्या पायगोंडांना मात्र कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी मारली होती थाप. थाप चार दिवसांनी लोक विसरतात. गुणमालानं ती उचलून नियमात बसवली होती, आणि आता त्या थापेला मरण नव्हतं.

मग घरात युद्ध सुरू झालं. गुणमाला स्वतःचं अळणी वेगळं शिजवायची आणि त्यांच्या ताटापुढं मिठाची बरणी आणून ठेवायची, झाकण काढून. जानेवारीभर नवराबायकोत एवढंच बोलणं झालं:

"मीठ खा."

"घाट चढा."

पायगोंडा ताट सरकवून उठायचे. बाहेर तरी सुख असावं, तर तेही नाही. आटपाडीला पाहुण्यांच्यात लग्न होतं. तिथं पंगतीत गुणमाला नुसता कोरडा भात घेऊन बसली आणि कुणी विचारलं की खाली मान घालून म्हणायची, "ह्यांच्यासाठी." बायका तिच्या पाया पडत होत्या. पायगोंडांच्या ताटात वाढपी जिलेबी वाढायला आला, तर शेजारचा म्हातारा म्हणाला, "वाड, वाड. बायको मीठ खाईना, ह्यास्नी गोड लागतंय." पायगोंडांनी ती जिलेबी तशीच ठेवली. परतीच्या वाटेवर गाडीत ते म्हणाले, "तू ह्ये माझ्या भल्यासाठी केलेलं न्हाईस."

"न्हाईच," गुणमाला म्हणाली. खिडकीबाहेर बघत होती. "कवा म्हणलं तसं मी? लोक म्हणत्यात."

त्या रात्री पायगोंडांनी सायकलचं कुलूप काढलं.

शिकवायला दुसरं कुणी तयार होईना, तेव्हा नाथाजीच आला. "तुमच्यासाठी न्हाई आलो," त्यानं दारातच सांगितलं, "वैनीसाठी आलोय." मग त्यानं त्यांना पलटणीत रंगरूट पिदडतात तसं पिदडलं. मिरजेपर्यंत, मग तासगावपर्यंत, मग त्याच्याही पुढं. मागून शिव्या घालत तो यायचा आणि पायगोंडा पुढं दात खात पॅडल मारायचे. त्यांचं पोट उतरलं, साखर उतरली. डॉक्टर खूश झाले, तर पायगोंडांना डॉक्टरांचाही राग आला. ज्या गोष्टीनं बायकोचं खरं ठरत होतं ती कुठलीही गोष्ट त्यांना चांगली वाटत नव्हती.

आणि इकडं गुणमाला वाळत चालली. बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या. एप्रिलच्या उन्हात एक दिवस ती धुण्याच्या दगडापाशीच भोवळ येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि अंगातलं मीठ फार कमी झालंय, आजच्या आज पोटात मीठ गेलं पाहिजे, म्हणून बजावलं. गुणमालानं मान हलवली. सलाईन लावू का, तर तेही नको. त्यात मीठ असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यांची लेक ब्राह्मी शिरवळला दिलेली, तिचा नवरा तिथल्या कारखान्यात. तिचा फोन आला. "पप्पा, आईला काय झालं तर मी तुमच्या दारात पाऊल टाकनार न्हाई."

"मी सांगितलं व्हतं काय तिला मीठ सोड म्हणून?"

"घाट चढतो म्हणून तुमीच बोंबलला. व्हिडिओ हाय माझ्याकडं."

फोन ठेवल्यावर पायगोंडांना पहिल्यांदा खरी भीती वाटली. गुणमाला मरेल याची भीती होती आणि लोक काय म्हणतील याचीही होती. यातली कुठली आधी वाटली, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

मेच्या मध्यावर नाथाजीनं पिकअपमध्ये दोन्ही सायकली टाकल्या आणि उजाडता उजाडता दोघं साताऱ्यात उतरले. गावाच्या पश्चिमेला घाट सुरू होतो आणि पहिल्याच चढाला माणसाची हौस फिटते. नाथाजी पुढं निघून गेला. पायगोंडा एकटे चढत राहिले. खाली सातारा लहान होत गेला, समोर अजिंक्यतारा डोळ्यांच्या रेषेत आला, पण त्यांना त्यातलं काही दिसलं नाही. प्रत्येक पॅडलला ते गुणमालाला एक शिवी घालत होते, आणि शिव्या पुरल्या म्हणूनच ते तिथवर आले होते. छाती भात्यासारखी चालली होती. पाय टेकला नव्हता.

शेवटच्या वळणावर वरून पर्यटकांची जीप आली. वळण सोडून पार त्यांच्या अंगावर. पायगोंडांनी हँडल वळवलं, चाक कडेच्या मातीत गेलं आणि तोल सावरायला डावा पाय खाली आला. क्षणभरच. मातीला लागला, त्यांनी रेटा दिला, सायकल पुन्हा रस्त्यावर आली. जीप निघून गेली. आजूबाजूला कुणी नव्हतं.

वर नाथाजी पाठमोरा उभा राहून पाणी पीत होता. चाकाचा आवाज ऐकून तो वळला. त्यानं पायगोंडांकडं बघितलं, बाटली खाली ठेवली, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. "मानलं पाटील," तो म्हणाला. "तोंडावरच मानलं."

पायगोंडांनी सांगायला तोंड उघडलं होतं. ते मिटलं. त्या उद्धट माणसाकडून एवढा मान त्यांना कधी मिळाला नव्हता, आणि मिळालेला मान परत करायला फार मोठं काळीज लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणमालाचं पारणं ठरलं. दारात रांगोळी आली, गल्ली लोटली, ब्राह्मी पहाटेच शिरवळहून येऊन चुलीपाशी राबत होती. माताजी विहार करत केव्हाच पुढच्या गावी गेल्या होत्या, पण बस्तीचे पंडित आले होते. पायगोंडांनी रात्रभर मनाची समजूत घातली होती. चूक जीपवाल्याची. पाय टेकला म्हणजे काय, नुसता लागला. आणि तिच्या पोटात मीठ जाणं महत्त्वाचं. औषध म्हणून खोटं बोललेलं चालतं. बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पाटावर बसलेल्या गुणमालाचं मनगट बघितलं तेव्हा तर ते आणखी पक्कं ठरलं.

पारण्याचा पहिला घास नवऱ्याच्या हातचा. ब्राह्मीनं मुगाची आमटी आणि भात वाढला. पायगोंडांनी घास कालवला. पंडितांनी णमोकार मंत्र म्हटला. आणि गुणमालानं, तोंड उघडायच्या आधी, जमलेल्या बायकांकडं बघितलं.

"तीस वर्सांत ह्यांनी एक गोष्ट तडीस न्हेली न्हाई," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण धार होती तशीच होती. "ही गेली ती माझ्या नियमानं. पाय ह्यांचं, पुण्य माझं."

"खरं हाय गं बाई," बायका म्हणाल्या. कुणीतरी हसलं. दाराशी उभा असलेला नाथाजीसुद्धा हसला. गुणमालानं तोंड उघडलं.

पायगोंडांचा हात तिच्या ओठांपाशी थांबला. फेब्रुवारीपासूनच्या त्या पहाटा, त्या शिव्या, तो चढ, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि ते सगळं आता तिच्या नावावर जमा होणार होतं. रागानं त्यांच्या कानशिलाला चटके बसले.

"न्हाई चढलो," ते म्हणाले.

"काय?" ब्राह्मी म्हणाली.

"तुझ्या आईच्या नियमानं काय झाल्यालं न्हाई. शेवटच्या वळणाला पाय टेकला व्हता. घाट चढलोच न्हाई मी."

नाथाजी पुढं आला. "म्या सॅल्यूट मारला तुमास्नी," तो म्हणाला, आणि चपला पायात सरकवून निघून गेला.

"पप्पा," ब्राह्मी रडायला लागली, "काल सांगायचं व्हतं. न्हाईतर कवाच सांगायचं न्हवतं. आत्ता कशाला सांगितलं?"

पायगोंडा गुणमालाकडं बघत होते. ती चिडेल, थयथयाट करेल असं त्यांना वाटलं होतं. ती त्यांच्याकडं बघतच नव्हती. तोंड तसंच उघडं होतं आणि नजर घासावर होती. आमटीच्या वासानं तिच्या गळ्याची शीर हलली. इतके महिने त्यांनी तिचा हट्ट बघितला होता, कावा बघितला होता. तिला भूक लागलेली त्यांनी आत्ता पहिल्यांदा बघितली.

आयुष्यात चार माणसांत ते पहिल्यांदाच स्वतःच्या विरुद्ध खरं बोलले होते, आणि तेही केवळ तिला दुखवायला. त्यांना स्वतःची किळस आली.

"जीप आली गं," ते पुटपुटले. "टेकला म्हंजे नुसता लागला... तू खा. घे."

गुणमालानं तोंड मिटलं. "टेकला का न्हाई?"

"टेकला."

"मग ठेवा खाली."

त्यांनी घास ताटात ठेवला. माणसं एकेक करून उठली; जाताना त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही. ब्राह्मीनं आतून अळणी भाताचं पातेलं आणलं. गुणमालानं त्यात पाणी घातलं आणि भात कालवायला लागली. पायगोंडा समोर उकिडवे बसून राहिले, आमटीनं भरलेला हात तसाच घेऊन.

"उद्या लगीच घाटाला जाऊ नका. पाय सुजल्यात तुमचं," ती म्हणाली. मान वर केली नाही. "परवा जावा. मी मागनं गाडीत बसून येते. तुमच्या शब्दावर आता मी मीठ खानार न्हाई."