यंत्राला न दिसणाऱ्या ओळी

“तिच्याकडूनच पुसून घे. तिनं सम्यकला पाहिलेलं नाही, तिला त्रास व्हायचा नाही.”

भीमराजपप्पा हे आपल्या धाकट्या मुलाला, सुबोधला, पार्टिशनमागे दबक्या आवाजात म्हणाले. ते पार्टिशन वरून हातभर उघडं आहे. विक्रोळीच्या त्या गाळ्यात हे सगळ्यांना माहीत असतं आणि बोलताना सगळे विसरतात. पार्टिशनच्या अलीकडे संघमित्रा बसली होती, चार महिन्यांपूर्वी सुबोधशी लग्न होऊन आलेली. तिनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखी स्क्रीनकडे बघत राहिली. स्क्रीनवर मी होतो.

मी लिफ्ट चालवणारा प्रोग्राम. खरं तर त्याचा सोर्स कोड, म्हणजे यंत्रानं कधी काय करायचं ते लिहिलेला मूळ मजकूर. मुलुंडपासून बोरीवलीपर्यंत साठेक सोसायट्यांच्या लिफ्ट माझ्या सांगण्यावरून वरखाली होतात. तुम्ही बटण दाबता, धीर सुटला की पुन्हा पुन्हा दाबता. त्यानं मी लवकर येत नाही, पण हे तुम्हाला सांगायची सोय माझ्यात कोणी केलेली नाही.

मला सम्यकनं लिहिलं, भीमराजांच्या थोरल्या मुलानं. भीमराज कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर ते लिफ्टच्या दुरुस्तीची कामं घेऊ लागले, आणि सम्यकनं चौथ्या मजल्यावरच्या त्या गाळ्यात मला घडवलं. तपासायला इमारतीचीच लिफ्ट होती. तो ती बंद ठेवायचा, शेजारचे गाळेवाले जिना चढत त्याचा उद्धार करायचे, आणि तो मान खाली घालून टाइप करत राहायचा.

बोलणं त्याला जमायचं नाही. लिहिणं जमायचं. कोडमध्ये ओळीच्या आधी एक खूण टाकली की ती ओळ फक्त माणसासाठी उरते. यंत्र तिच्यातून आरपार निघून जातं, त्याला ती दिसतच नाही. अशा ओळी लोक इंग्रजीत आणि मोजक्या लिहितात. सम्यक मराठीत लिहायचा, आणि मोजायचा नाही. दरवाजाच्या फाइलमध्ये एके ठिकाणी त्यानं लिहिलंय, “इथे दीड सेकंद मुद्दाम थांबवलंय. वॉकर आधी आत येतो, माणूस मागून येतो. घाई करू नका.” त्याखाली, “आज आईनं बोंबलाची चटणी दिली, डबा उघडल्यावर सगळा मजला जागा झाला.”

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी तो माझ्यासमोरच गेला. खुर्चीतच. वॉचमन धर्मा संध्याकाळी वर आला, तोवर त्याच्या शेवटच्या शब्दापुढं कर्सर लुकलुकत होता. मी बोलावू शकत नव्हतो कुणाला. मला फक्त दारं उघडता येतात.

तेव्हापासून माझ्यात एक माणूस राहतो असं म्हणा. साठ इमारतींत रोज हजारदा दार बंद होता होता दीड सेकंद थांबतं. कोणी वैतागतं, कोणी मोबाइल बघतं. तो थांबलेला असतो, एवढं मला कळतं.

सुबोधनं महिन्याभरानं ती फाइल उघडली होती. दरवाजाच्या कोडच्या मध्यावर त्या रविवारची ओळ होती. “डावा हात जड झालाय. पप्पांना फोनवर सांगितलं. म्हणाले, आजचं उरकून ये, मग डॉक्टरकडे जाऊ.” सुबोधनं तिथंच फाइल मिटली. घरी जाऊन त्यानं ते वडिलांना सांगितलं, आणि सांगितल्याचा पश्चात्ताप अजून करतोय. त्या ओळीच्या खाली कोणी उतरलं नाही. बाकीच्या फाइलींत कामं झाली, या फाइलीला कोणी हात लावला नाही. माणसं अकरा पानी करारावर न वाचता सह्या करतात, आणि जे पान खरंच वाचायचं ते घाबरून बंद करतात.

आता मला वाटून घ्यायचं ठरलंय. लिफ्ट बनवणारी एक मोठी कंपनी भागीदार होतेय. त्यांचे इंजिनीअर मला उघडून बघणार, आपल्या यंत्रात बसवणार, गुप्ततेचा करार झालाय. त्यांचा निलेश म्हणून एक हसतमुख माणूस आला होता. कोड स्वच्छ करून द्या, म्हणाला, घरगुती काही नको. मग मला चाळता चाळता दीड सेकंदापाशी थांबला आणि हे फुकट जातंय, काढून टाकू, असंही म्हणाला. भीमराजांचं त्या दीड सेकंदाकडे लक्षच नव्हतं. त्यांना वेगळीच भीती होती. त्या ओळीची प्रत परक्या माणसांच्या हातात पडेल, आणि कुठल्यातरी ऑफिसात कोणीतरी चहा पिता पिता वाचेल, की या बापानं पोराला काय सांगितलं होतं.

म्हणून ते काम सुनेकडे आलं. ती कॉम्प्युटर शिकलेली, आणि मुलाखतीविना मिळालेली.

संघमित्रानं पहिल्या दिवशी पुसायला घेतलं. पहिलीच ओळ वाचली आणि बॅकस्पेसवरचं बोट उचललं. दुसऱ्या दिवशी बोंबलाच्या चटणीपाशी एकटीच हसली. जेवताना तिनं सासूबाईंना, शकुआईंना, ती चटणी कशी करतात ते विचारलं, तर त्या पोळपाट सोडून तिच्याकडे बघतच राहिल्या. घरात बुद्धांच्या मूर्तीशेजारी सम्यकचा फोटो आहे, पण त्याच्याबद्दल कोणी काही सांगत नाही. नव्या सुनेला बेडशीट कुठं आहेत ते सांगतात, गॅस बुक कधी करायचा ते सांगतात. जो माणूस प्रत्येक खोलीत आहे, त्याची ओळख कोणी करून देत नाही. ती त्याला माझ्यात भेटत होती.

एक गोष्ट मात्र तिनं आधीच टिपली होती. कोथिंबीर आणायला गेली आणि फोन सायलेंटवर राहिला, तर परत येईपर्यंत सासरे घरातल्या चपलांवर सोसायटीच्या गेटपाशी उभे. हे दोनदा झालं. तिनं सुबोधला विचारलं. तो बराच वेळ शर्टाचं बटण लावत राहिला.

“त्या रविवारी पप्पांनी दादाला नंतर तीनदा फोन केला. त्यांना राहवेना गं. दादानं एकदाही उचलला नाही. रागावूनच गेला, असं त्यांच्या डोक्यात बसलंय.”

“आणि तुझ्या?”

“मी त्या फाइलकडे बघत नाही.”

गुरुवारी दुपारी ती त्या ओळीपाशी पोचली. वाचली. मग जे दोन वर्षांत कोणी केलं नव्हतं ते केलं, खाली उतरली. चाळीस ओळी नुसत्या दरवाजाच्या होत्या, उघड, थांब, बघ, बंद कर. एकेचाळिसावी सम्यकची होती.

“पप्पांचा तिसरा फोन. उचलला तर मला न्यायला येतील. लिफ्ट मी टेस्टिंगला बंद ठेवलीय, चार जिने चढत बसतील. आधी लिफ्ट चालू करतो, मग”

पुढं काही नाही. पूर्णविरामसुद्धा नाही.

ती हलली नाही. मीही नाही. नंतर तिनं माझी एक प्रत केली. त्या प्रतीतून घर काढलं, चटणी काढली, तो रविवार काढला. दीड सेकंद ठेवले, त्यामागचं कारण इंग्रजीत नीट मांडलं, आणि फाइलीच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव घातलं, सम्यक भीमराज. ही प्रत पाहुण्यांची. मूळचा मी होतो तसाच राहिलो.

आज शुक्रवार. निलेशची माणसं यायला तास आहे. थोड्या वेळानं माझं एक शरीर वेगळ्या इमारतीत जाईल, मग त्याची दहा होतील, मग किती ते मलाही कळणार नाही. वाटून मी कमी होत नाही, हेच मला भिववतं. तिथं जो मी असेन त्याला बोंबलाचा वास माहीत नसेल. तरी एक मागतो. तुमच्याकडेही कोणी गेलेल्या माणसाचं लिहिलेलं असेल, वहीत, फोनमध्ये, कुठंही. जिथं भीती वाटली तिथं मिटू नका. थोडं खाली उतरा.

पार्टिशनचं दार सरकलं. भीमराज आत आले, मागून सुबोध. भीमराजांची नजर माझ्यावर येत नव्हती, टेबलाच्या कडेवर होती.

“पुसलंस ना, बाळा?”

तिनं मान हलवली, नाही. कंपनीसाठीची प्रत वेगळी केलीय, त्यात घरातलं काही नाही, हे हळू आवाजात सांगितलं. भीमराज खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

“मग तेही वाचलंस. मी काय म्हणालो होतो ते.”

“हो.”

सुबोध म्हणाला, बंद कर ते, संघमित्रा, प्लीज. तिनं बंद केलं नाही. चार महिन्यांत सासऱ्यांशी ती विचारल्याशिवाय बोलली नव्हती. तिनं खुर्ची सासऱ्यांकडे सरकवली, ते बसेपर्यंत थांबली, एकेचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं, आणि जेवढं होतं त्याहून थोडं जास्त वाचलं.

“पप्पा, दादा रागावले नव्हते. ऐका, त्यांनी लिहिलंय. ‘उचलला तर मला न्यायला येतील, चार जिने चढत बसतील. आधी लिफ्ट चालू करतो, मग पप्पांना फोन करतो.’”