सहाव्या माणसाची जागा

गोटहोल्ट रेबाइनला रणगाड्यांचं काडीचं प्रेम नव्हतं. त्याचं प्रेम होतं स्वतःच्या जिवावर आणि त्याखालोखाल बायकोवर, इर्मट्राउटवर. पण कारखान्यात बसून तो त्या अजस्र रणगाड्याचे आराखडे काढत होता, तोवर त्याला लष्करात ओढता येत नव्हतं. आराखडा पुरा झाला की खेळ खलास, आणि सरकारने तो गुंडाळला तरी तेच. मग थेट रशियाची आघाडी. धाकटा भाऊ एवाल्ट तिकडे गेला होता. परत आलं ते फक्त त्याचं घड्याळ. ते हातात घेतलं की रेबाइनला अजून रडू यायचं. म्हणून त्याने ठरवून टाकलं होतं, हा रणगाडा पुरा होऊ द्यायचा नाही आणि मरूही द्यायचा नाही.

उपाय सोपा होता. बर्लिनहून कर्नल फॉन लोसवित्स पाहणीला आला, की रेबाइन अगदी गरीब चेहऱ्याने विचारायचा, "कर्नलसाहेब, एवढं चिलखत पुरेल ना?"

आता गणवेशातला माणूस चारचौघांत 'पुरेल' म्हणेल होय? उद्या कोणी भित्रा म्हटलं तर! कर्नल छाती फुगवून हुकूम सोडायचा, "जाड करा!" चिलखत जाड झालं की इंजिन कमी पडायचं, इंजिन वाढवलं की धूड लांबायचं, आणि रेबाइनचा खोडरबर सुखाने कामाला लागायचा. बघता बघता ऐंशी टनांचं बाळ दीडशेवर गेलं.

पण रिवाजाप्रमाणे लाकडाचा पूर्ण मापाचा नमुना उभा राहिला, आणि तो बघायला कर्नलबरोबर रेल्वेचे अधिकारी त्स्विंगमान आले. त्यांनी नमुन्याभोवती एक फेरी मारली, लाकडावर टकटक केली.

"आमच्या मालगाडीच्या एकाही वाघिणीवर हे मावायचं नाही. वाटेतले पूलही खचतील. गुंडाळा हे."

तोंडाला येईल ते रेबाइन बोलून गेला.

"पूल हवेत कशाला, साहेब? हा नदीच्या तळावरून चालत जाईल."

"अस्सं? आणि आतली माणसं श्वास कशाने घेणार? कल्ल्यांनी?"

"नळीने. वर नळी ठेवू की!"

"शाब्बास!" कर्नल गरजला. "त्स्विंगमान, शिका जरा! आणि असला वाघ इथे पेन्सिली झिजवतोय? ते काही नाही. रेबाइन, पहिल्या रणगाड्यात तुम्ही स्वतः बसायचं. थेट आघाडीवर!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्स्विंगमान रेबाइनजवळ सरकून हळूच म्हणाले, "पोहता येतं ना हो तुम्हाला?"

स्वतःच्या अकलेने रेबाइन स्वतःच्याच सापळ्यात सापडला होता. त्याने लाकडी नमुन्याचा आधार घेतला, आणि हात तिथे टेकताच त्याला सुचलं.

"मोठं भाग्य माझं, कर्नलसाहेब. फक्त आत जागा पाचांचीच आहे. माझ्यासाठी कोणाला कमी करू? तोफवाल्याला की चालकाला?"

"कमी?" कर्नलचा चेहरा लाल झाला. "कमी कशाला करायचं? सहावी जागा करा!"

"मग तोफेचा बुरूज रुंद करावा लागेल, साहेब. म्हणजे खालचा सांगाडाही. म्हणजे वजन…"

"करा म्हणतो ना!"

"जशी आज्ञा. पहिल्या रेघेपासून सुरू करतो," रेबाइन म्हणाला. त्स्विंगमान खिशातून रुमाल काढून त्यात बराच वेळ खोकत राहिले.

संध्याकाळी इर्मट्राउटने त्याच्या ताटात उकडलेले बटाटे वाढले. सगळी हकिकत ऐकून ती आधी रडली, मग हसली, मग नवऱ्याच्या पाठीत तिने एक धपाटा घातला.

"मेल्या, जीव काढलास माझा! आणि किती रुंद करणारेस ती जागा?"

"कसं सांगू?" रेबाइनने ताट पुढे केलं. "अजून दोन वाढ. माप अजून पक्कं झालेलं नाही."